दिवा लागतो, पण पोर्ट दिसत नाही

प्रश्न : मायक्रोकंट्रोलर शिकायला मी नुकतीच सुरुवात केली आहे. आर्डुइनो उनोसारखा, पण टाइप-सी सॉकेटचा आणि वेगळ्या बनावटीचा बोर्ड घेतला. विंडोजच्या लॅपटॉपला जोडला की हिरवा दिवा लागतो आणि दुसरा एक दिवा सेकंदासेकंदाने लुकलुकतो. पण आयडीईच्या (प्रोग्राम लिहून बोर्डात भरायच्या सॉफ्टवेअरच्या) ‘टूल्स’ मेनूमध्ये ‘पोर्ट’ करड्या रंगात दिसतं, त्यावर क्लिकच होत नाही. आयडीई तीन वेळा काढून पुन्हा टाकलं. एकदा घरातली जुनी, बारीक केबल लावली तेव्हा ‘कॉम५’ हे पोर्ट दिसलं, पण अपलोड करताना ‘नॉट इन सिंक’ अशा दहा ओळी आल्या. म्हणून पुन्हा पहिली, जाड आणि नवीकोरी केबल लावली. बोर्डाच्या ० आणि १ क्रमांकाच्या पिनांना ब्लूटूथ मॉड्यूल जोडलेलं आहे. माझ्या हातून बोर्ड जळाला का?

उत्तर : नाही, बोर्ड जळालेला नाही. त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. सेकंदासेकंदाने लुकलुकणारा तो दिवा, ज्याच्या शेजारी ‘एल’ छापलेलं असतं, तो १३ क्रमांकाच्या पिनला जोडलेला असतो आणि असा ठेक्यात आपोआप लुकलुकत नाही. बोर्डावरची मुख्य चिप, म्हणजे एटीमेगा३२८पी, तिच्यात आधीच भरलेला ‘ब्लिंक’ प्रोग्राम चालवते तेव्हाच तो लुकलुकतो. म्हणजे चिपला वीज मिळते आहे, तिचं १६ मेगाहर्ट्झचं घड्याळ चालू आहे आणि मेमरीही शाबूत आहे. हिरव्या ‘ऑन’ दिव्याचं तसं नाही. तो फक्त ५ व्होल्ट पोचल्याचं सांगतो. बोलणं होतं आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

तुमच्याकडे एक नाही, दोन अडचणी एकावर एक बसल्या आहेत. पहिली केबलची, दुसरी ० आणि १ या पिनांची. बारीक केबलने पहिली सुटली आणि लगेच दुसरी समोर आली. तुम्हाला वाटलं काहीच सुधारलं नाही, आणि तुम्ही मागे फिरलात. प्रत्यक्षात तुम्ही अर्धी वाट चालून गेला होता.

ही वाट कशी आहे ते आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. उनोच्या घडणीच्या बोर्डात संगणक मुख्य चिपशी थेट बोलत नाही. मध्ये एक दुभाषी चिप असते. मूळ उनो आर३ वर हे काम एटीमेगा१६यू२ करते, इतर बनावटींच्या बोर्डांवर बहुतेक वेळा सीएच३४०. ती एका बाजूने संगणकाशी यूएसबीत बोलते आणि दुसऱ्या बाजूने मुख्य चिपशी साध्या सीरियल भाषेत. ही दुसरी बाजू बरोबर ० आणि १ या पिनांवरूनच जाते. म्हणून ‘पोर्ट दिसत नाही’ आणि ‘अपलोड होत नाही’ हे दोन वेगळे आजार आहेत. पोर्ट दिसण्यासाठी केबल, दुभाषी चिप आणि ड्रायव्हर (विंडोजला त्या चिपशी बोलता येण्यासाठीचं सॉफ्टवेअर) एवढंच लागतं. ज्या उनोवर मुख्य चिप लांब पायांची असून सॉकेटमध्ये बसवलेली असते, त्यावरून ती पूर्ण काढून ठेवली तरी पोर्ट दिसत राहतं. उलट, पोर्ट दिसूनही अपलोड होत नसेल, तर केबल आणि ड्रायव्हर बहुधा निर्दोष असतात. शोध पुढच्या अर्ध्या भागात घ्यायचा.

आयडीई पुन्हा पुन्हा टाकण्यात तुमचा वेळ गेला, तो याचमुळे. पोर्टांची यादी विंडोज तयार करतं, आयडीई ती फक्त वाचून दाखवतं. विंडोजलाच बोर्ड दिसत नसेल तर आयडीई काय दाखवणार?

आता केबल. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. सहसा लाल ५ व्होल्टची, काळी ग्राउंडची, हिरवी आणि पांढरी माहितीच्या देवाणघेवाणीची. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये शेवटच्या दोन नसतातच. तुमची नवी केबल जाड आहे, पण जाडी हा काही पुरावा नाही. चार्जिंगच्या केबलमध्ये विजेच्या तारा जाड घालतात, त्यामुळे ती उलट जास्त भरीव वाटते. खात्री करायला त्याच केबलने फोन लॅपटॉपला जोडा आणि एक फोटो लॅपटॉपवर आणून पाहा. फोन नुसता चार्ज होत राहिला, फाइलींचा पर्यायच आला नाही, तर त्या केबलला ‘फक्त चार्जिंग’ अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवा. बोर्डासाठी तीच जुनी, बारीक केबल घ्या. ती मीटरभराच्या आत असेल तर उत्तम. हब मध्ये न घालता थेट लॅपटॉपला लावा.

टाइप-सीच्या बोर्डांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की लॅपटॉप वीज सोडण्याआधी बोर्डाच्या सॉकेटमागे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर शोधतो. काही बोर्डांवर ते बसवलेलेच नसतात. अशा बोर्डाला सी-टू-सी केबलने वीजच मिळत नाही, एकही दिवा लागत नाही, आणि माणूस बोर्ड मेला असं समजतो. एका टोकाला जुनं चौकोनी टाइप-ए असलेली केबल लावली की तोच बोर्ड व्यवस्थित चालतो. तुमचे दिवे लागत आहेत, त्यामुळे तुमचं दुखणं हे नाही. पण उद्या केबल बदलाल तेव्हा उपयोगी पडेल.

केबल ठरली की बोर्डावरच्या सगळ्या तारा काढा. ब्लूटूथ, ब्रेडबोर्ड, सगळं. नुसता बोर्ड ठेवा. विंडोजमधला ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि तो समोर दिसत असताना केबल लावा, काढा, पुन्हा लावा. काय बदलतं ते नीट पाहा.

यादी जराही हलली नाही, जोडल्याचा आवाजही आला नाही, तर माहितीच्या तारा पोचतच नाहीत. केबल, लॅपटॉपचं सॉकेट किंवा बोर्डाचं सॉकेट, यांपैकी काहीतरी. बोर्डाचं सॉकेट भिंगातून पाहा. टाइप-सीच्या बारीक पायांपैकी एखाद्याचा डाग (सोल्डरिंगचा जोड) सुटलेला असू शकतो. आवाज आला, पण नाव ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ असं दिसलं आणि गुणधर्मांत कोड ४३ असेल, तर विंडोजला कुणीतरी आल्याचं कळलं, पण नाव विचारल्यावर नीट उत्तर मिळालं नाही. इथेही आधी केबल आणि सॉकेट बदलून पाहायचं. तरी तेच राहिलं तर संशय दुभाषी चिपवर किंवा तिच्या डागांवर. सीएच३४०जी या प्रकाराला स्वतःचा वेगळा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो, चिपशेजारी ती चकचकीत धातूची छोटी डबी दिसेल. तिचा डाग कच्चा असला तरी हीच लक्षणं दिसतात.

पिवळा त्रिकोण आणि कोड २८ दिसला तर चांगली बातमी समजा. बोर्डाने स्वतःचं नाव सांगितलं आहे, विंडोजकडे फक्त त्याचा ड्रायव्हर नाही. त्या नावावर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’, मग ‘हार्डवेअर आयडीज’ उघडा. तिथे व्हीआयडी आणि पीआयडी असे दोन आकडे असतात. १ए८६ आणि ७५२३ म्हणजे सीएच३४०. १०सी४ आणि ईए६० म्हणजे सीपी२१०२. ०४०३ आणि ६००१ म्हणजे एफटी२३२. २३४१ आणि ००४३ म्हणजे मूळ उनो आर३. बोर्डाच्या खोक्यावर काय छापलं आहे यापेक्षा या आकड्यांवर विश्वास ठेवा, आणि ड्रायव्हर त्या चिपच्या उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एकाच गठ्ठ्यात’ असं सांगणाऱ्या कार्यक्रमांपासून दूर राहा, ते सोबत नको ते आणतात.

तुमच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर आहेच, नाहीतर ‘कॉम५’ उमटलं नसतं. त्यामुळे बारीक केबल लावल्यावर ‘पोर्ट्स’ या गटाखाली ‘यूएसबी-सीरियल सीएच३४०’ आणि कंसात कॉमचा आकडा दिसायला हवा. आकडा प्रत्येक वेळी ५ च असेल असं धरू नका. या चिपमध्ये सहसा स्वतंत्र अनुक्रमांक नसतो, त्यामुळे लॅपटॉपचं सॉकेट बदललं की विंडोज नवा कॉम क्रमांक देऊ शकतं आणि आयडीई मात्र जुन्याच क्रमांकावर हाका मारत बसतं. एकच सॉकेट ठरवून घ्या. यादीत कॉम१ किंवा ब्लूटूथची पोर्टं दिसली तर ती तुमच्या बोर्डाची नाहीत. केबल काढल्यावर जे नाहीसं होतं आणि लावल्यावर परत येतं, तेच तुमचं.

आता त्या दहा ओळींकडे येऊ. ‘नॉट इन सिंक’ म्हणजे नेमकं काय घडलं? अपलोड दाबल्यावर आयडीई पोर्ट उघडतं. त्याबरोबर दुभाषी चिपची डीटीआर नावाची तार खाली येते, ०.१ मायक्रोफॅरॅडच्या छोट्या कॅपॅसिटरमधून मुख्य चिपच्या रिसेटला क्षणभर झटका बसतो आणि चिप नव्याने सुरू होते. सुरू होताना सर्वांत आधी बूटलोडर जागा होतो. हा मेमरीच्या शेवटच्या कोपऱ्यात राहणारा छोटासा प्रोग्राम, नवा प्रोग्राम आत घेणं हेच त्याचं काम. तो साधारण सेकंदभर कान देऊन बसतो. तेवढ्यात संगणक ‘आहेस का?’ असं विचारतो आणि ठरलेलं उत्तर आलं की पुढचं काम सुरू होतं. उत्तर आलं नाही किंवा भलतंच आलं, की प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ छापली जाते. प्रयत्न दहा, म्हणून ओळी दहा.

तुमच्या बाबतीत प्रश्न पोचलाच नाही. दुभाषी चिपची बोलण्याची तार ० क्रमांकाच्या पिनवर येते आणि तुमच्या ब्लूटूथ मॉड्यूलची टीएक्स, म्हणजे माहिती पाठवणारी, तारही त्याच पिनवर आहे. मूळ उनोच्या आराखड्यात दुभाषी चिप आणि मुख्य चिप यांच्या मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर मुद्दाम ठेवलेला आहे. बाहेरून काही जोडलं आणि दोघांचं एकाच तारेवर भांडण झालं, तर चिपा जळू नयेत हा हेतू. पण त्याचा परिणाम असा की भांडणात बाहेरचं मॉड्यूल जिंकतं. ते आपली तार वर धरून बसतं, संगणकाचा आवाज दबून जातो आणि बूटलोडर वाट पाहून निघून जातो. इथे काहीही बिघडलेलं नाही. ० आणि १ या पिना मोकळ्या केल्या की हे भांडणच संपतं.

तर आता नुसत्या बोर्डावर एक अपलोड करून पाहा. ‘टूल्स’मध्ये बोर्ड ‘आर्डुइनो उनो’, पोर्ट तुमचं. ‘फाइल’मधून ‘एक्झाम्पल्स’, ‘बेसिक्स’, ‘ब्लिंक’ उघडा. लगेच अपलोड करू नका. त्यातल्या दोन्ही ‘डिले’मधले १००० बदलून १०० करा. हे फार महत्त्वाचं आहे. तुमच्या बोर्डात आधीच ब्लिंक आहे; तोच पुन्हा चढवला तर दिवा पूर्वीसारखाच लुकलुकणार आणि अपलोड झालं की नाही हे नजरेला कळणारच नाही. १०० केल्यावर दिवा झपझप लुकलुकू लागला, तर तो प्रोग्राम तुम्ही चढवलेला आहे.

‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर पोर्ट दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलं आहे. आयडीईची दुसरी खिडकी, दुसरा एखादा सीरियल कार्यक्रम, थ्रीडी प्रिंटरचा स्लायसर, यांपैकी जे चालू असेल ते बंद करा. एका वेळी एकालाच पोर्ट मिळतं.

सगळं काढूनही ‘नॉट इन सिंक’च येत असेल, तर बोर्डावरचं रिसेट बटण एकदा दाबा आणि ‘एल’ दिव्याकडे पाहा. उनोचा नेहमीचा बूटलोडर असेल तर सुरू होताना दिवा पटकन तीनदा फडफडतो आणि मग आतला प्रोग्राम चालू होतो. ही फडफड दिसली तर बूटलोडर जिवंत आहे. मग रिसेटचा झटका वेळेवर बसत नसेल. बटण दाबून धरा, अपलोड करा, संकलन संपून ‘अपलोडिंग’ आलं की त्या क्षणी बटण सोडा. दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो, सेकंदभराची ती खिडकी हाताने गाठायची असते. असं चढलं तर डीटीआर ते रिसेट या वाटेवरच्या कॅपॅसिटरचा डाग तपासा. सीएच३४०ची काही नक्कल केलेली चिपं नव्या ड्रायव्हरबरोबर असंच वागतात, पोर्ट दिसतं पण काम होत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर मागे घेऊन २०१९ ची आवृत्ती बसवली की ती सुरळीत चालतात.

दोष मुख्य चिपच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ठरवणारी एक फार सुंदर चाचणी आहे. तिला एक पैशाचंही सामान लागत नाही, दोन जंपर, म्हणजे जोडणीच्या छोट्या तारा, पुरतात. केबल काढा. एका जंपरने ‘रिसेट’ आणि ‘ग्राउंड’ जोडा, म्हणजे मुख्य चिप गप्प राहील. दुसऱ्याने ० आणि १ या पिना एकमेकींना जोडा. केबल लावा, आयडीईतला सीरियल मॉनिटर उघडा, काहीतरी टाइप करून पाठवा. जे पाठवलं तेच परत उमटलं, तर लॅपटॉप, केबल, ड्रायव्हर आणि दुभाषी चिप हे चौघेही निर्दोष. उरलं ते मुख्य चिप किंवा तिचा बूटलोडर. काहीच परत आलं नाही तर दोष अलीकडच्या बाजूला. आता ० आणि १ मधला जंपर काढून पुन्हा पाठवा. तरीही अक्षरं परत येत असतील तर त्या दोन पिना बोर्डावरच कुठेतरी चिकटल्या आहेत, डागांमध्ये कथलाचा पूल शोधा. जंपर लावताना एवढंच सांभाळा की त्याचं टोक शेजारच्या ५ व्होल्टच्या पिनला लागता कामा नये.

आणि खरोखर जळालेला बोर्ड कसा ओळखायचा? काहीही न जोडता केबल लावली आणि काही सेकंदांत एखादी चिप हात लावता येणार नाही इतकी तापली, किंवा ‘ऑन’ दिवा मंद पडला, तर ताबडतोब केबल काढा. ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट असण्याची शक्यता आहे. उनोवर ५०० मिलीॲम्पिअरचा आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो. तो तापला की वीज तोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. सगळ्या तारा काढून, बोर्ड थंड होऊ देऊन पुन्हा पाहा. पुष्कळदा शॉर्ट ब्रेडबोर्डावर असतो, बोर्डावर नाही. दोन वेगळे संगणक, फोटोने तपासलेल्या दोन केबली, नुसता बोर्ड, आणि तरीही डिव्हाइस मॅनेजर ढिम्म, असं झालं तरच दुभाषी चिप गेली असं म्हणावं. तेव्हाही बोर्ड फेकू नका. ५ व्होल्टचं वेगळं यूएसबी-टू-सीरियल ॲडॉप्टर घ्या. त्याची टीएक्स ० वर, आरएक्स (माहिती घेणारी तार) १ वर, ५ व्होल्ट आणि ग्राउंड जागच्या जागी, आणि डीटीआर ०.१ मायक्रोफॅरॅडच्या कॅपॅसिटरमधून रिसेटवर. मुख्य चिप पूर्वीसारखी प्रोग्राम घेऊ लागते.

याच तक्रारीचे आणखी काही वाचक दुसरे बोर्ड वापरत असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. नॅनोवर ‘नॉट इन सिंक’ आलं तर ‘टूल्स’मधल्या ‘प्रोसेसर’मध्ये ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पाहा. जुना बूटलोडर ५७६०० च्या वेगाने बोलतो, नवा ११५२०० च्या. ईएसपी३२ वर ‘कनेक्टिंग’पुढे ठिपके वाढत राहिले तर ‘बूट’ बटण दाबून धरा आणि मजकूर पुढे सरकला की सोडा. दर वेळी हे करावं लागत असेल तर ईएन (रिसेटची पिन) आणि ग्राउंड यांच्यात १० मायक्रोफॅरॅडचा कॅपॅसिटर लावा, त्याची ऋण बाजू ग्राउंडला. रास्पबेरी पाय पिको दिसत नसेल तर ‘बूटसेल’ दाबून धरून केबल लावा, तो पेन ड्राइव्हसारखा उघडतो. लिनक्सवर पोर्ट दिसूनही परवानगी नाकारली गेली तर स्वतःला ‘डायलआउट’ गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. उबंटू २२.०४ वर सीएच३४० जोडल्या जोडल्या नाहीसं होत असेल तर ब्रेल-यंत्रांसाठीचा ‘बीआरएलटीटीवाय’ हा कार्यक्रम ते पळवतो. ब्रेल-यंत्र वापरत नसाल तर तो काढून टाका.

पुन्हा तुमच्या बोर्डाकडे. दिवा झपझप लुकलुकू लागला की मगच ब्लूटूथ जोडा, आणि ० व १ वर नको. मॉड्यूलची टीएक्स १० वर आणा, आरएक्स ११ वर, आणि प्रोग्राममध्ये ‘सॉफ्टवेअरसीरियल’ वापरून या दोन पिना ९६०० च्या वेगाने चालवा. मॉड्यूल एचसी-०५ प्रकारचं असेल तर त्याची आरएक्स ३.३ व्होल्टची असते, बोर्डाची ११ क्रमांकाची पिन मात्र ५ व्होल्ट देते. म्हणून ११ पासून मॉड्यूलच्या आरएक्सपर्यंत १ किलोओहम आणि आरएक्सपासून ग्राउंडपर्यंत २ किलोओहम असे दोन रेझिस्टर लावा, म्हणजे तिथे सुमारे ३.३ व्होल्टच पोचतील. उलट्या बाजूला, मॉड्यूलच्या टीएक्सपासून १० पर्यंत, थेट तार चालते.